कातळवाडीची घरं किती?

सोमवार, ८ फेब्रुवारी १९८८

नऊ! कातळवाडीत घरं म्हणे नऊ! पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं आणि मी नुसती बघत बसले. पुन्हा टाईप केलं. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदा कळ जरा जोरात आपटली तर घोरपडे साहेब काचेपलीकडून ओरडले, "मांडवकर बाई, टाईपरायटर नाही तो!"

माझा जन्म कातळवाडीतला. लांजा सोडून आत गेलं की कातळावर आमची वाडी. एकोणीस वर्षं तिथे काढली, मग कॉलेजला इकडे रत्नागिरीत आले. नऊ घरं तर आमच्या खळ्यात उभं राहिलं की दिसतात. बाकीची काय समुद्रात बुडाली?

नीट लिहून ठेवते, नाहीतर डोकं फुटेल. पडद्यावर चार चौकटी येतात – तालुका, गाव, वाडी आणि कर्त्या पुरुषाचा राहण्याचा जिल्हा. चारही भरायच्या, एंटर मारायचं. घरोघरच्या सरकारी पाहणीतून आत साठवलेल्या हजारो कुटुंबांतून त्या चौकटींत बसतील तेवढीच गाळून समोर येतात. चाळणीने तांदूळ चाळतात तसंच. आज साहेबांनी लांजा तालुका काढायला सांगितला. चौथ्या चौकटीत अर्थात 'रत्नागिरी'. तर कातळवाडी नऊ.

आणि ही गंमत नाही. बोरिंगची यादी यातूनच निघणार आहे. तीस किंवा जास्त कुटुंबं राहती असतील त्याच वाडीला बोरिंग. आमच्याकडे फेब्रुवारीतच विहीर आटते. मग खाली पऱ्यातल्या, सुकलेल्या ओढ्यातल्या, डबऱ्यातून वाटी वाटीने पाणी भरायचं नि कातळ चढून यायचं. आई अजून रोज चार खेपा करते. साठीला आली!

नऊ घरांना कोण बोरिंग देतंय?

मंगळवार, ९ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. ते साताऱ्याकडचे, बोलणं रोखठोक. म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नसतोय बाई. माणूस चुकतो."

म्हटलं, "सर, मी तिथलीच आहे."

"मग तर बोलूच नका! उद्या लोक म्हणतील बाईंनी स्वतःच्या वाडीसाठी आकडा फुगवला. तुमची वाडी आहे म्हणूनच तुम्हाला नऊ कमी वाटतायत."

तुमची वाडी आहे म्हणून! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण तोंड उघडलं नाही. सहा महिन्यांची टेंपररी ऑर्डर माझी, तीस एप्रिलला संपते. पुढची द्यायची की नाही ते साहेबांच्या हातात.

गप्प बसले, पण गप्प बसणार नाही.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

झुबेदाला सांगितलं. ती शेजारच्या खोलीत टायपिस्ट. कॉम्प्युटरच्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून ती कधी येत नाही – "देवळात गेल्यासारखं वाटतं गे, आणि मला कुठे चालतं!" असं म्हणून हसते. आज मात्र चपला काढून आत आली. तिचं माहेर राजापूर तालुक्यात नाट्याला.

"आमचा मोहल्ला बघ गे जरा."

बघितला. बारा.

झुबेदा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "माझ्या चुलत्यांचीच सात घरं आहेत, राही! चाळीसच्या वर घरं आहेत. लग्नाचं आमंत्रण द्यायला मी स्वतः फिरले आहे!"

म्हणजे माझ्याच वाडीचं दुखणं नाही हे. उगाच बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

धोंडूमामांकडून कपाटाची चावी घेतली. धोंडूमामा आमचे शिपाई, झुबेदा सोडली तर सगळ्या ऑफिसात माझ्याशी सरळ बोलणारे एकटेच. पाहणीचे मूळ कागद गठ्ठे बांधून ठेवलेत. लांज्याचा गठ्ठा सोडला, कातळवाडी काढली. कागद बरोब्बर तीस!

मग पडद्यावर नऊ कशी?

कागदावरची तारीख बघितली. २८ ऑगस्ट ते १ सप्टेंबर. गणपती! पाहणीवाले गणपतीत फिरलेत! कोणा शहाण्याने ठरवलं असेल – सगळे घरी सापडतात म्हणून. सापडले की! सगळे चाकरमानी आलेले, अंगात नवे शर्ट. "कर्ता पुरुष कोण?" विचारल्यावर ओटीवर पुढे बसून सांगितलं असेल छाती फुगवून – "मी. राहणार मुंबई." अठरा कागदांवर मुंबई. लालबाग, परळ, डिलाईल रोड. आमच्या कागदावर बाबूदादाचं नाव. पत्ता, त्याची परळची खोली.

दादा वर्षाचे दहा दिवस घरी. आई तीनशे पंचावन्न. पण घर मुंबईत!

चौथ्या चौकटीत 'रत्नागिरी' टाकलं की ही अठरा घरं गळून जातात. मशीन बिचारं सांगितलं ते करतंय. आणि टाईप कोणी केलं हे सगळं? मीच. डिसेंबरभर 'मुंबई मुंबई' बडवत होते, एकदा तरी डोक्यात आलं का? नाही आलं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

सोप्पं आहे म्हटलं. चौथी चौकट रिकामी सोडायची. जिल्हा विचारूच नको, सगळी घरं दाखव.

एंटर मारलं. आली किती? तीन!

चक्रावले. नावं वाचली – चिमाकाकी, राधा गुरवीण, आणि पलीकडच्या घरची जनी. तिघी विधवा. मुलगा नाही की दीर नाही. कागद काढून बघितले. 'कर्ता पुरुष' – रेघ. 'त्याचा राहण्याचा जिल्हा' – काही नाही. पुरुष नाही म्हणून पत्ताच लिहिला नाही! मग त्या बायका राहतात कुठे, आभाळात?

आणि मशीनचं डोकं असं चालतं तर. मी चौकट रिकामी सोडली तर त्याला वाटतं, रिकामी असलेलीच हवीत. 'काहीही चालेल' हे त्याला कळतच नाही.

नऊ आणि तीन आणि अठरा. तीस. हिशेब तर लागला. पण पडद्यावर एकत्र येत नाहीत मेली.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

पुण्याच्या वैद्यांना ट्रंककॉल लावला. त्यांनीच हा प्रोग्रॅम लिहिला, तीन दिवस राहिले, मासे खाऊन गेले. दीड तास लाईन नाही. लागली तेव्हा एवढंच ऐकू आलं – "रिकामी ठेवायची नाही... चारही भरायच्या असंच ठरलंय... मॅडम, प्रोग्रॅमला हात लावू नका हं!"

हात लावू नका म्हणताना आवाज अगदी स्वच्छ आला.

बुधवार, २४ फेब्रुवारी

वैद्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मशीनशेजारी सोडून दिलंय. डीबेसचं, म्हणजे हा प्रोग्रॅम ज्यात लिहिलाय त्या भाषेचं. आजपर्यंत त्यावर धोंडूमामा चहाचा कप ठेवत होते. डब्याच्या सुट्टीत वाचते. एका पानाला डिक्शनरी चारदा. कळत काही नाही, पण सोडणारही नाही.

शुक्रवार, ४ मार्च – कातळवाडी

शिमग्याला घरी आले. ढोल वाजतायत, मुंबईवाले सगळे आलेत, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. मी वही घेऊन घरोघर फिरले. चुली मोजल्या. बारा महिने पेटणारी चूल हवी, नुसती सणाची नको.

विठूकाका ओरडले, "मोजतेस काय गो? जमीन घेतेस की काय आमची?"

"चूल मोजतेय काका. तुमची कोण पेटवतं?"

"आमची ही."

"मग तुम्ही मुंबईत राहून काय मोठे कर्ते?" सगळ्या पोरी हसल्या. काकाही हसले, पण जरा उशिराने.

तीस. बरोब्बर तीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

चहा पिताना आईला विचारलं, पाहणीवाले आले तेव्हा तू का नाही बोललीस?

"साहेब लोकांपुढं पुरुष बसतात. मी आत च्या टाकत होते."

"तुला विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"तां काय इचारायचं? घर बाबूचं. मी आपली राखणदार."

इतका राग आला! राखणदार! कौलं कोण शाकारतं, भात कोण लावतं, पाणी कोण आणतं? सगळं बोलून टाकलं भडाभडा. आई म्हणाली, "वराडतेस कित्याला? च्या पी." कळशी उचलली नि गेली पाण्याला. मागोमाग हंडा घेऊन मी पण गेले. एका खेपेत माझी मान मोडली. कॉलेजला गेल्यापासून सवय गेली ती गेलीच.

सोमवार, १४ मार्च

सापडलं! पान दोनशे काहीतरी. नुसतं एवढंच सांगायचं त्याला – चौकट भरलेली असेल तर ती अट लाव. रिकामी असेल तर ती अट लावूच नकोस, पुढच्या चौकटीकडे जा. चारही चौकटींना असं एकेकीला विचारायचं. माणसाला सांगावं लागत नाही, ह्याला अक्षर अक्षर सांगावं लागतं.

आणि एक पाचवी चौकट घालणार. कागदावर शेवटचा रकाना आहे – 'वर्षभर घरात राहणारी माणसं'. प्रत्येक घराचा आकडा मीच आत भरलाय. पण त्यावरून शोधायला पडद्यावर चौकटच नाही! म्हणजे माहिती आत पडून आहे नि विचारायला दार नाही. ते दार मी करणार. कमीत कमी एक माणूस वर्षभर राहतं, ते घर राहतं घर. पुरुष कुठेही असो नाहीतर नसो.

मूळ प्रोग्रॅमची नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर घेतली. मूळ प्रोग्रॅमला हात लावला नाही हं वैद्य साहेब!

मंगळवार, १५ मार्च

चालला नाही. एक कंस विसरले.

गुरुवार, १७ मार्च

चालला! आणि माती खाल्ली!

कातळवाडी टाकायच्या आनंदात काहीच न टाकता एंटर मारलं. पाचही चौकटी रिकाम्या. त्यात प्रिंटर चालू. मशीनने नवीन नियम इमानेइतबारे पाळला – एकही अट लावली नाही, म्हणजे सगळा जिल्हा! प्रिंटर करकरायला लागला तो थांबेना. बंद कसा करायचा ते वैद्यांनी शिकवलंच नव्हतं. कागद टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत. धोंडूमामा दोन्ही हातांनी गोळा करतायत, झुबेदा हसून हसून भिंतीला टेकली.

आणि दारात साहेब. पायात चपला तशाच.

"हे काय आहे?"

"सर, नवीन प्रोग्रॅम."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

खोटं बोलायला हवं होतं का? नाही. नसतं जमलंच.

सोमवार, २१ मार्च

मेमो मिळाला. 'विनापरवानगी शासकीय यंत्रात फेरफार केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये?' टाईप झुबेदालाच करावा लागला. बिचारीने डोळे पुसत केला.

उत्तर लिहिलं. पहिला मसुदा तीन पानं, सगळा राग. फाडला. दुसरा चार ओळी – 'यादीतून राहती घरं गळत आहेत. ते मूळ कागदांवरून दाखवून देण्यास तयार आहे. चुकले तर मला काढा.'

झुबेदा म्हणाली, "शेवटची ओळ खोड गे."

नाही खोडली.

मंगळवार, २२ मार्च

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "दाखवा. पण तुमची वाडी नको. मी सांगतो ती."

"कातळवाडी मी काढणारच नव्हते सर. तुम्ही सांगाल ती."

त्यांनी चपला काढल्या. माझ्या खुर्चीवर स्वतः बसले. डोळे मिटून गठ्ठ्यांतून तीन वाड्या काढल्या – एक गुहागरची वेळणेश्वराजवळची, एक लांज्याची, एक राजापूरची. मी बाजूला उभी. एका बोटाने टाईप करत होते, एक अक्षर शोधायला पाव मिनिट.

जुन्या प्रोग्रॅमने पहिली वाडी – चौदा. माझ्या प्रोग्रॅमने, चौथी चौकट रिकामी, पाचवीत एक – छत्तीस. मग धोंडूमामांनी कागद जमिनीवर मांडले. साहेब मांडी घालून बसले नि बोटाने मोजू लागले. छत्तीस. दुसरी वाडी, बरोबर. तिसरी, बरोबर.

साहेबांनी हातातला शेवटचा कागद खाली ठेवला. मग हळूच, "च्यायला."

मग म्हणाले, "माझी बहीण पण अशीच राहते हो गावाकडं. दाजी मिलिटरीत. तिचं घरबी गळालं असतं की ह्यात." आणि मेमो घेऊन फाडला. मी काही रडले नाही. बाहेर येऊन रडले.

सोमवार, २८ मार्च

सुधारित यादी वर गेली. त्रेचाळीस वाड्या वाढल्या! नाट्याचा मोहल्ला एक्केचाळीस. कातळवाडी तीस. काठावर पास, पण पास! झुबेदाने घरून नारळाच्या वड्या आणल्या. साहेबांनी चार खाल्ल्या नि म्हणाले, पुढच्या ऑर्डरची शिफारस केलीय, या वेळी वर्षाची.

वर्षाची! खोलीवर येऊन आरशात बघितलं नि स्वतःलाच "मांडवकर बाई" म्हणाले.

बुधवार, १३ एप्रिल

लांजा गाडीच्या कंडक्टरने ऑफिसात येऊन निरोप दिला. आई पडली. भरलेला हंडा डोक्यावर, कातळावरून पाय सरकला. खुब्याचं हाड.

निघते आहे.

शुक्रवार, १५ एप्रिल – कातळवाडी

चौघांनी डोली करून रस्त्यापर्यंत नेलं, लांज्याच्या डॉक्टरांना दाखवून तशीच घरी परत आणलं. आई एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हंडा कुठे गेला एवढंच विचारत होती.

कसला हंडा नि कसलं काय! दोन महिने आधी ती यादी बरोबर निघाली असती तर? पण दोन महिन्यांत तरी कुठे बोरिंग झालं असतं. मला माहीत आहे. तरी कोणावर तरी राग काढायचाय.

बुधवार, २० एप्रिल – कातळवाडी

बाबूदादा येऊन आईला मुंबईस घेऊन गेला. ऑपरेशन तिकडेच. निदान सहा महिने उठायचं नाही. दादाने घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. "आता कोण राहतंय इथं? आईला मी पाठवणार नाही परत."

आई जाताना चुलीकडे बघत होती. मीही बघितलं. राख गार पडली होती.

सोमवार, २५ एप्रिल

वरून पत्र आलं. साहेबांनी मलाच वाचायला दिलं. यादीची तपासणी होणार. वाढीव वाड्यांपैकी पाच निवडल्या आहेत, घरोघर जाऊन बघणार. निवडलेल्यांत कातळवाडी. तारीख १९ मे. ज्या घरात तपासणीआधी किमान पंधरा दिवस सलग चूल पेटलेली असेल तेच घर राहतं धरायचं. आणि खाली – एकाही वाडीचा आकडा खोटा निघाला तर सुधारित यादी पूर्ण रद्द, जुनी कायम.

पाचवी चौकट भरून कातळवाडी काढली. तीस. मशीनला काय माहीत आई पडली ते!

आमच्या घराच्या नोंदीत वर्षभर राहणारी माणसं एक होतं, तिथे शून्य केलं. पुन्हा एंटर.

एकोणतीस.

शुक्रवार, २९ एप्रिल

साहेबांनी दार लावून घेतलं. "मांडवकर बाई, तो शून्य मी बघितला. परत एक करा. आई परत येणार आहेत असं म्हणू. तपासणीवाल्याला मी बोलतो."

हेच साहेब! 'तुमची वाडी आहे म्हणून' म्हणणारे! मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

म्हटलं, "सर, मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते खरंच झालं ना? बाईंनी स्वतःच्या वाडीसाठी आकडा फुगवला. आणि पकडलं गेलं तर त्रेचाळीस वाड्या गेल्या. नाट्याच्या एक्केचाळीस घरांनी काय केलंय? मी एक नाही करणार."

"मग कातळवाडी यादीतून काढा. उरलेल्या तरी वाचतील."

"काढणार पण नाही."

"अहो, मग करणार काय?"

"तेवढं ठरवू द्या मला."

बाहेर झुबेदा उभी होती. रोजा आहे तिचा, ओठ सुकलेले. सगळं ऐकलेलं. "माझ्या मोहल्ल्यासाठी स्वतःची वाडी बुडवू नकोस गे," म्हणाली. मी म्हटलं, कोणाची काही बुडत नाही, रड नको, रोजा सोडल्यावर रड. तेव्हा हसली.

सोमवार, २ मे

ऑर्डर टेबलावर. एक वर्ष. 'आज रोजी हजर व्हावे.' खाली सहीची जागा. घरची चूल पेटती ठेवून कातळवाडीहून रोज ऑफिसला यायचं म्हटलं तर रस्त्यापर्यंत तासभर चाल, मग गाडी, पोचायला अकरा. सगळं मोजून बघितलं. होती ती रजा आईच्या दुखण्यात संपली. दोन्ही होत नाही.

पेनचं टोपण काढलं. परत लावलं.

गुरुवार, १९ मे – कातळवाडी

तपासणीवाला अकराला येतो म्हणाला, दोनला आला. आमच्या चुलीत हात घालून राख बघितली, चटका बसला तसा मागे झाला. "इथे कोण राहतं?" म्हटलं, मी, तीन तारखेपासून. "नोकरीला होतात ना रत्नागिरीत?" होते. त्याने तीस लिहिलं. संध्याकाळी पाण्याच्या दोन खेपा केल्या, खांदे भरून आलेत.